९८ ची एस्टीम, चोर्ला घाट आणि बलेनोचं १.६ इंजिन: बसवावं का?

कवळ्याचा एस्टीमवाला

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९९८ ची मारुती एस्टीम आहे, कार्बोरेटरवाली, जीए-०१ पासिंग. पप्पांनी नवी घेतली होती, तेव्हापासून आमच्याचकडे. १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेत. आमचं घर झाडीत आहे, पावसाचे चार महिने गाडी पूर्ण कोरडी अशी कधीच होत नाही, त्यामुळे टिनकाम दोनदा झालंय. पण फ्लोअर आणि पुढचे शॉकअपचे टॉवर मी स्वतः खाली झोपून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघितलेत, कुठेही कुजलेलं नाही.

अडचण घाटाची आहे. बेळगावला टिळकवाडीत माझी आत्या असते. महिन्यातून एकदा तरी पप्पांना तिच्याकडे न्यायचं असतं. उसगाव, होंडा, साखळी करत केरीपर्यंत काही वाटत नाही. पुढे चोर्ला घाट लागला आणि अंजुण्याचं धरण खाली दिसायला लागलं की गाडीचा जीव जातो. आम्ही चौघं, डिकीत नारळ आणि तांदळाची पिशवी. एसी बंद करायचा, तरी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर टाकता येत नाही. टाकला की गाडी घुटमळते. मागून येणारे सगळे हॉर्न देत पुढे जातात. पप्पा काही बोलत नाहीत, नुसते डॅशबोर्डवर हात ठेवून बसतात. ते मला बघवत नाही.

कोल्हापूरकडे एका भंगारवाल्याकडे जुन्या सेडान बलेनोचं १.६ चं इंजिन आहे, वायरिंग आणि ईसीएमसकट (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ३५ हजार सांगतोय. बेळगावचा एक गॅरेजवाला म्हणतो, बसवण्याचे आणखी ४० हजार, आठवड्यात गाडी हातात देतो. माझी एस्टीम ६५ बीएचपीची, बलेनोचं इंजिन ९४ चं. कागदावर तर सगळा प्रश्नच मिटतो.

कोणी हे प्रत्यक्ष केलंय का? सरळ बसतं का? आरसीचं काय होतं? गाडी विकायची नाही, हे आधीच सांगतो. पप्पा ७४ वर्षांचे आहेत. अजूनही दर वेळी पेट्रोल भरलं की डॅशच्या कप्प्यातल्या वहीत लिटर आणि किलोमीटर लिहून ठेवतात, १९९८ पासून. ती गाडी आमच्या घरातून जाणार नाही.


मडगावहून

मी माझी एस्टीम २०१४ ला विकली आणि त्याचं मला वाईट वाटतं, तरी तेव्हा तोच निर्णय बरोबर होता. तुम्ही विकणार नाही म्हणता, तर एवढंच सांगेन की ७५ हजार इंजिनावर घालण्याआधी टायर, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश यांचा हिशेब करा. माझ्या गाडीचे पुढचे आर्म आणि बुश बदलले तेव्हा ती नवी झाल्यासारखी वाटली होती. घाटात गाडी नुसती चढून भागत नाही, वळणावर रस्ता धरूनही राहावी लागते, हे बरेच जण विसरतात.


पेडण्याचा

मी हे केलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. २००९ साली, ९६ च्या एस्टीममध्ये बलेनोचं जी१६बी, म्हणजे तेच १.६ चं इंजिन.

बसतं. एस्टीमचं जी१३ आणि बलेनोचं जी१६ एकाच घराण्यातली इंजिनं. माझ्या गाडीत बेलहाउझिंगचे (इंजिन गिअरबॉक्सला जोडतं ते घर) बोल्ट जुळले, एस्टीमचाच गिअरबॉक्स ठेवला. जी१६ चा स्ट्रोक ९० मिमी, आपल्या १२९८ सीसीचा ७५.५, त्यामुळे ब्लॉक उंच पडतो. माउंटिंग आणि बॉनेटखालची जागा बघूनच बसवावं लागतं. तेवढं झालं, एक दिवस आणि एक रात्र. मग पुढचा दीड महिना गाडी गॅरेजमध्ये पडून होती.

कारण इंजिन म्हणजे फक्त लोखंड नाही. आपल्या कार्बोरेटरच्या गाडीला पेट्रोलचा पंप इंजिनाच्या हेडला असतो, कॅमशाफ्टवर चालणारा, त्याचा दाब अगदी कमी. एमपीएफआयला (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं इंजिन) अडीच-तीन बारचा दाब लागतो, म्हणजे टाकीतला इलेक्ट्रिक पंप, जाड दाबाचे होज, परतीची लाइन. टाकी उतरवली, आतून गंजलेली निघाली. मग वायरिंग. बलेनोचा हार्नेस डॅशबोर्डच्या आतून येतो, एस्टीमचे मीटर वेगळे, प्लग वेगळे. तापमानाचा काटा, पंख्याचा रिले, आरपीएम, एकेक जोडत बसलो. ईसीएम ग्लोव्हबॉक्सखाली बसवला आणि पहिल्याच पावसात काउलमधून (पुढच्या काचेखालचा पत्रा) पाणी झिरपून त्यावर पडलं. पत्रादेवीच्या नाक्यावर रात्री साडेअकराला गाडी बंद. बायको आणि दोन वर्षांची मुलगी गाडीत. त्या रात्रीनंतर बायको त्या गाडीत मनापासून कधी बसली नाही.

पण खरं ते लिहिलंच पाहिजे: गाडी धावायची. पावणेनऊशे किलोच्या आसपासची गाडी आणि ९४ बीएचपी. बांद्याच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की तिसऱ्या गिअरवर चाळिसापासून नव्वदपर्यंत अशी उचलायची की पाठ सीटला टेकायची. तो आवाज अजून कानात आहे.

आंबोलीच्या उतारावर मात्र ब्रेकचा वास आला आणि पेडल खाली गेलं. तेव्हा थांबलो, एका हॉटेलच्या अंगणात तासभर चाकं गार केली. ब्रेक एस्टीमचेच ठेवले होते ना. मुळात मी त्या उताराला पूर्वी कधी त्या वेगाने आलोच नव्हतो. ८० ऐवजी १०० ने आलं तर ब्रेकला दीडपटीहून जास्त ताकद जिरवावी लागते. हे गणित मला त्या अंगणात कळलं.

खर्च ६० हजार सांगितला होता, १ लाख १२ हजार झाला. आणि २०११ ला गाडीची पंधरा वर्षं भरली, पासिंग आलं. इंजिन नंबर आरसीवरचा नाही, मी कुठली परवानगी घेतलेली नाही. जुनं इंजिन ताडपत्रीत गुंडाळून गोठ्यात ठेवलं होतं, ते परत घालायचं ठरलं. दोन पावसाळ्यांची ओल खाऊन रिंगा बोअरला धरल्या होत्या. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून चार दिवस वाट बघितली, मग हलल्या. शेवटी बोअर करावंच लागलं. पुढच्या वर्षी गाडी विकली.


दाव्यांचं टेबल, पणजी

मी विम्याच्या दाव्यांचं काम करते, त्यामुळे गाडी कशी पळेल ते मला सांगता येणार नाही. कागदांचं सांगते.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेला आणि कंपनीने मुळात ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. इंजिन नंबर, सीसी, हॉर्सपॉवर हे सगळं त्या तपशिलात येतं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या किटसाठी कायद्यात वेगळी वाट ठेवलेली आहे, जास्त ताकदीच्या पेट्रोल इंजिनासाठी नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं: कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात १८२-ए कलम आलं. त्यात बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

जुनं इंजिन गेलं म्हणून त्याच जातीचं दुसरं घालणं ही वेगळी गोष्ट. तेव्हासुद्धा आधी नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज, हातात परवानगी, मग गाडीला पाना. इंजिन कुठल्या गाडीतून निघालं त्याची पावती आणि कागद नसतील तर घेऊच नका. भंगारातल्या प्रत्येक इंजिनाच्या मागे एक गाडी असते आणि ती चोरीची निघाली तर तुमच्या दारात पोलीस येतील.

आणि माझ्या टेबलावरचं. अपघाताचा दावा आला की सर्व्हेअर चेसिस आणि इंजिन, दोन्ही नंबर बघतो. जुळला नाही की तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच अडतो. पण मला खरी काळजी त्याची नाही. समोरच्या माणसाला इजा झाली आणि गाडीत न सांगता बदल केलेला निघाला, तर कंपनी त्याला पैसे देऊन ते नंतर तुमच्याकडून वसूल करायला जाऊ शकते. अशी एक फाइल मी हाताळली आहे. त्या घराने जमीन विकली. तुमचे पप्पा शेजारच्या सीटवर बसलेले असतात, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. राग मानू नका.


म्हापशाचा मिस्त्री

ताईंनी आणि पेडण्याच्या भावाने लिहिलं ते खरं. मी १९७९ पासून गॅरेजात, आता हात थरथरतात म्हणून मुलगा बघतो. अ‍ॅम्बॅसेडर आणि फियाटवर शिकलो.

बाबा, तुझा प्रश्न वाचला आणि माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. तू लिहितोस, तिसरा गिअर घेत नाही, एसी बंद. मी ९५ ची एस्टीम कार्बोरेटरवाली पाच माणसं घालून चोर्ल्यातून किती वेळा नेली असेन. अवघड वळणं सोडली तर ती तिसऱ्यावर चढते. घाटमाथा समुद्रापासून साधारण ८०० मीटर, दर शंभर मीटरला इंजिन एखादा टक्का ताकद सोडतं, म्हणजे माथ्यावर सात-आठ टक्के गेले. तेवढ्याने गिअर सुटत नाही. तुझे ६५ घोडे आज ६५ नाहीत. चाळीस असतील. बाकीचे कुठे गेले ते न शोधता तू कोल्हापूरहून नवे आणायला निघालास.

इंजिन बदलणं वाईट, असं मी म्हणत नाही. तुझी गाडीच मुळात तशी झालेली आहे. १९९० ला मारुती थाउजंड आली, हाच सांगाडा, ९७० सीसीचं इंजिन, आणि लोक म्हणायचे गाडी देखणी पण ओढत नाही. मग १९९४ ला त्याच सांगाड्यात १२९८ सीसीचं आलं आणि नाव झालं एस्टीम. कॉन्टेसा तर तुझ्या पप्पांना विचार. १९८४ ला आली तेव्हा एवढं मोठं धूड आणि आत अ‍ॅम्बॅसेडरचं १४८९ सीसी. पुढे इसुझूचं १.८ आलं तेव्हा गाडी माणसात आली. पण कंपनीने नुसतं इंजिन नाही टाकलं, पाच गिअरचा बॉक्स सोबत दिला. कारण नवी ताकद चाकापर्यंत नेणारं आणि ती थांबवणारं सगळंच त्या ताकदीचं लागतं. आठवड्यात करून देतो म्हणणारा माणूस यातलं किती करणार ते तूच बघ.

आता सांगतो तसं कर. यातल्या अर्ध्या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

एअर फिल्टरचं झाकण काढ, इंजिन बंद. पप्पांना ड्रायव्हर सीटवर बसव आणि अ‍ॅक्सिलरेटर तळाला लावायला सांग. तू वरून कार्बोरेटरच्या घशात टॉर्च मारून बघ, पडदा पूर्ण उभा होतो का. केबल ढिली असते, खाली गालिच्याची घडी असते, आणि माणूस वर्षानुवर्षं पाऊण पेडलवर गाडी चालवतो.

सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर जाऊन ये, शक्य तितका ब्रेक न मारता. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हात ने, जपून. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तो ब्रेक धरून बसलाय, आणि घाटात तू तो ओढत नेतोस. आपल्याकडच्या ओलीत मागच्या ड्रमचे व्हील सिलिंडर आणि हँडब्रेकच्या केबली नेहमी धरतात.

चढणीवर चौथ्या गिअरला पेडल दाबलं आणि आवाज वाढला पण वेग नाही, तर क्लच घसरतोय. फर्मागुडीची चढण तुझ्या घरापासून जवळच आहे, तिथे बघ.

मग टायमिंग. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्युमच्या नळीचं दुसरं टोक काढून तोंडाने ओढ. जीभ टेकवल्यावर धरून राहिलं पाहिजे. हवा येत राहिली तर आतला पडदा फाटलाय.

आणि सर्वांत महत्त्वाचं, कॉम्प्रेशन. कुठलाही बरा मेकॅनिक अर्ध्या तासात करून देतो. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी भरलेली, अ‍ॅक्सिलरेटर तळाला. प्रत्येक सिलिंडरला चार-पाच फेरे फिरव आणि काटा लिहून घे. या इंजिनात १७० पीएसआयच्या वर पाहिजे आणि चौघांत १५ च्या वर फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघ. काटा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

एक सांग, उभ्या गाडीत थरथर आहे का? आणि तुझ्या पप्पांची ती वही. ती तुझ्याकडे आहे तर तुला माझी काय गरज? गाडी कधी आजारी पडली ते त्या माणसाने लिहून ठेवलंय. अ‍ॅव्हरेज कुठल्या पानावर पडलं ते बघ, आणि त्या महिन्यात गाडीला काय झालं ते आठवा दोघं मिळून.


कवळ्याचा एस्टीमवाला

मिस्त्रीबाब, काल रात्री जेवल्यावर मी आणि पप्पा वही घेऊन बसलो. वह्या दोन आहेत खरं तर, पहिली २०११ ला संपली. टाकी फुल केली की ते आकड्यापुढे ‘फु’ लिहितात, त्यामुळे हिशेब सोपा होता. मी मोबाइलवर भागाकार करत होतो आणि पप्पा पुढचा आकडा वाचत होते. सुरुवातीची वर्षं साडेचौदा, पंधरा. दहा सालानंतर तेरा-साडेतेरा. चवथीच्या महिन्यात नेहमी थोडं कमी, तेव्हा शहरातच फेऱ्या होतात. मग २०२२ चा डिसेंबर १३.१. आणि २०२३ चा मार्च ९.८. तिथून वर आलंच नाही.

मधली पानं पप्पांनी परत उलटली. फेब्रुवारीच्या एका नोंदीखाली त्यांच्याच अक्षरात, बारीक: ‘खांडेपार, काटा वर, पाणी घातले.’

मला आठवलं. आम्ही उसगावला लग्नाला गेलो होतो, येताना रेडिएटरचा खालचा होज फुटला. मी चालवत होतो. काटा लाल रेषेवर गेलेला मी पाहिला होता आणि फोंडा जवळच आहे म्हणून तशीच दोन-तीन किलोमीटर ओढली. मग वाफ दिसली तेव्हा थांबलो. होज बदलला, कूलंट भरला आणि विषय संपला असं मी समजलो. त्यानंतर गाडी उभी असताना थरथरायला लागली, तेव्हा गॅरेजात आयडलचा स्क्रू थोडा वर करून दिला. पिकअप कमी झालं ते हळूहळू झालं असं मला वाटत आलं, पण वहीप्रमाणे ते एका महिन्यात झालंय.

पप्पांनी तेव्हा लिहून ठेवलं होतं आणि मला एक शब्द बोलले नाहीत.

आज सकाळी बाकीचं केलं. केबल ढिली होती, पडदा पूर्ण उभा होत नव्हता, ती ओढून घेतली. व्हॅक्युमचा पडदा धरून राहतो. फर्मागुडीला क्लच ठीक वाटला. मागचं डावं चाक उजव्यापेक्षा चांगलंच गरम, हात ठेवता येत नव्हता.

कॉम्प्रेशन कुर्टीतल्या एका मेकॅनिककडे केलं. पहिला १७२, दुसरा १६८, तिसरा १०४, चौथा १०८. तिसऱ्यात आणि चौथ्यात ऑइल सोडून पुन्हा केलं, दोन-तीन आकड्यांचा फरक. ऑइलमध्ये पाणी नाही, कूलंटमध्ये तेल नाही, धूर नाही. मेकॅनिक म्हणाला, मग गॅस्केट नसेल, व्हॉल्व्ह असतील. तुमचं मत काय?


म्हापशाचा मिस्त्री

गॅस्केटच आहे. शेजारशेजारचे दोन एकसारखे पडलेत, ऑइलने चढत नाहीत. तिसरा आणि चौथा यांच्या मधली पट्टी जळली आहे, दोघं एकमेकांत श्वास सोडतात. पाण्याची आणि ऑइलची वाट तिथून जात नाही, म्हणून पाणीही जात नाही आणि धूरही नाही. असं इंजिन वर्षानुवर्षं चालतं आणि माणूस म्हणतो गाडी म्हातारी झाली. तुझी चार सिलिंडरची गाडी अडीच सिलिंडरवर घाट चढत होती.

हेड उतरव. पण नुसतं नवं गॅस्केट टाकून बसवू देऊ नकोस, नाहीतर सहा महिन्यांत परत तेच. तापलेलं हेड वाकतं, ते अ‍ॅल्युमिनियमचं आहे. सरळ पट्टी तिरकी-आडवी ठेवून खाली फीलर (मापाची पातळ पाती) घालून बघायचं. ०.०५ मिमीच्या वर पोकळी आली तर हेड इंजिनिअरिंग वर्क्समध्ये देऊन फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करून घेणं. ब्लॉकचा माथाही तसाच बघ, तो कोणी बघत नाही. हेड बाहेर आहे तोवर व्हॉल्व्ह घासून घे, सील बदल, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप कधी बदलले ते वहीत बघ. थर्मोस्टॅट नवा टाक. काढून फेकू नकोस, आमच्याकडे गरम हवा म्हणून काढून टाकायची खोड आहे. रेडिएटर उतरवून आतून साफ.

बोल्ट टॉर्क रेंचने, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. हाताच्या अंदाजाने आवळणारा कितीही जुना मिस्त्री असला तरी नको म्हण. मी सुद्धा नको.

पेट्रोलचे रबरी होज सगळे बदल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ९८ च्या रबराला ते सोसत नाही, आणि इथेनॉल ओल धरतं. टाकी अर्धी ठेवून पावसाळाभर गाडी उभी करू नकोस.

एवढं सगळं करून घाटात कमी पडली तर मग बोलू. तेव्हासुद्धा बलेनो नाही, एस्टीमचंच पुढचं एमपीएफआय, १२९८ सीसीच पण सोळा व्हॉल्व्हचं, ८५ बीएचपी. टाकीचा पंप आणि वायरिंग त्यालाही लागेल. जातही वेगळी धरतात, म्हणून ताईंनी सांगितलं तसं आधी अर्ज टाकायचा, लेखी उत्तर येईपर्यंत एक बोल्ट सोडायचा नाही, आणि नाही म्हणाले तर विषय सोडायचा.


कवळ्याचा एस्टीमवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय.

हेड उतरवलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे गॅस्केटची पट्टी बोटभर जागेत नाहीशीच झाली होती, बाजूला काळा रेघेसारखा जळका डाग. मेकॅनिकने पट्टी ठेवून फीलर घातला, त्याच जागी ०.१२ गेला. त्याने स्वतःहून मला हाक मारून दाखवलं आणि म्हणाला, हे मी पहिल्यांदा बघतोय, मला शिकायला मिळालं. हेड मडकईला फेसिंगला दिलं. ब्लॉक सरळ निघाला. जळकं गॅस्केट मी घरी आणलंय, पप्पांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं.

व्हॉल्व्ह सील, बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज, रेडिएटरची सफाई धरून १९ हजार ४०० झाले. आता काटे १७८, १७५, १७४, १७६. आयडलचा स्क्रू परत खाली घेतला, ग्लासात पाणी ठेवलं तरी हलत नाही.

रविवारी आत्याकडे गेलो. तेच चौघं, तेवढेच नारळ. केरी सोडल्यावर मी आपोआप दुसऱ्यावर हात नेला, तर पप्पा म्हणाले, ‘राहू दे तिसऱ्यावर.’ राहिली. दोन तीव्र वळणांना दुसरा घ्यावा लागला, बाकी पूर्ण घाट तिसऱ्यावर, वर धुकं लागलं तिथपर्यंत. कणकुंबीच्या पुढे चौथा. एसी घाटात बंदच ठेवला, तो लावल्यावर अजून जड वाटते, पण सपाटीला आता जाणवत नाही. बेळगावला टाकी भरली, ‘फु’, १३.४.

कोल्हापूरच्या माणसाला फोन करून इंजिन नको म्हणून सांगितलं. पेडण्याच्या दादा, तुमचं पत्रादेवीचं वाचल्यावर माझ्या बायकोने मला ते दोनदा वाचून दाखवलं. ताई, राग कसला, तुमचे आभार.

मागचं डावं चाक राहिलंय. येताना पुन्हा गरम होतं. ड्रम उघडला तर व्हील सिलिंडरच्या रबराच्या टोपीत तांबडं पाणी साचलेलं, पिस्टन एका बाजूला अडकलेला. मेकॅनिक म्हणतो पॉलिश पेपर मारून नवा किट टाकू. चालेल का?


म्हापशाचा मिस्त्री

नको. बोअरला गंजाचे खड्डे पडले असतील, पेपर मारून ते जात नाहीत, महिन्याभरात नवं रबर फाडतील. सिलिंडर पूर्ण बदल, आणि दोन्ही बाजूंचे एकदम, नाहीतर ब्रेक एका अंगाला ओढेल. ब्रेक ऑइल सगळं नवं, चारही चाकांतून स्वच्छ येईपर्यंत काढ. जुन्या ऑइलने आपल्याकडची ओल पिऊन ठेवलेली असते, घाटाच्या उतारावर तेच उकळतं. हँडब्रेकची केबल त्याच वेळी उतरवून बघ, हाताने सरकली पाहिजे.

आणि पुढच्या खेपेला पप्पांना थोडा वेळ स्टिअरिंगवर बसव, साखळीपर्यंत सपाटीचा रस्ता आहे.